मेलेलं वाण

भूत हा शब्द पहिल्यांदा रजतने काढला. प्रयोगशाळेतला संगणक त्याच्या हवाली होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं, तेव्हा काढला असता तर त्यानेच.

"मॅडम, सिंदी मेघेच्या नालीत भूत शिरलं," तो खुर्ची फिरवून म्हणाला. "दुसऱ्या लाटेतलं वाण हाय हे. साऱ्या दुनियेतून उठलं, अन् आपल्या बाटलीत येऊन बसलं."

डॉक्टर माधवी हसल्या नाहीत. प्रयोगशाळा त्यांची, प्रकल्प त्यांचा, आणि चूक निघाली तर नाकही त्यांचंच कापलं जाणार. प्रकल्प तसा ऐकायला सोपा होता. आजारी माणूस दवाखान्यात येईल न येईल, पण संडासला जातोच. तेव्हा वस्त्यांच्या सांडपाण्यातून विषाणू शोधायचे, त्यांची जनुकीय अक्षरं वाचायची, आणि दवाखान्यात येणाऱ्यांच्या नाकातल्या नमुन्यांशी ती ताडून पाहायची. कोणता ताप गावात शिरतो आहे ते नालीला डॉक्टरांच्या आधी कळतं. पण कपाशीचं एखादं वाण बाजारातून कायमचं नाहीसं व्हावं तसा नाहीसा झालेला विषाणू नालीने दाखवला, तर नालीवर कोण विश्वास ठेवणार?

"भूत नाही रे, हलगर्जीपणा आहे," माधवी मॅडम म्हणाल्या. "आपल्याच फ्रीझरमधल्या जुन्या नळ्या कोणीतरी हाताळल्या आणि त्याच हातमोज्यांनी नवी बाटली उघडली. सगळ्यांत जवळचा जुना नमुना कोणता दाखवतंय?"

रजतने नंबर वाचला. बेसिनशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञ पौर्णिमाचे हात नळाखालीच राहिले. लाटेच्या त्या दिवसांत ढिगाने नळ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यांतला एकही नंबर तिला आज सांगता आला नसता. हा एक सोडून. या नळीवरची पट्टी तिने स्वतः चिकटवली होती, वाकडी लागली म्हणून काढून पुन्हा चिकटवली होती.

"तो नमुना माझ्या मिस्टरांचा आहे," ती म्हणाली.

रजतचा चेहरा खर्रकन उतरला. माधवी मॅडमनी आवाज खाली आणला. "पौर्णिमा, तू ती पेटी उघडली होतीस का? कधी, सहज म्हणून?"

उघडली नव्हती. उघडावीशी कितीदा तरी वाटली होती, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

प्रफुल्ल वीज खात्यात लाइनमन होता. सगळी दुनिया दारं लावून बसली तेव्हा दवाखान्यांची लाइन जाऊ नये म्हणून हा खांबांवर. एका संध्याकाळी अंगात कणकण घेऊन आला, आईने वाढलेला वरण-भात अर्धा खाल्ला, ताट सारलं आणि आडवा झाला. सकाळी त्याचा नमुना पौर्णिमाच प्रयोगशाळेत घेऊन गेली. अँब्युलन्सने त्याला नेलं ते नेलंच. आई कमलाबाई आणि बायको पौर्णिमा दोघीही पॉझिटिव्ह, दोघी घरात कोंडलेल्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं त्याचं शरीर परक्या माणसांनी परस्पर जाळलं. चेहरा दोघींपैकी कोणालाच दिसला नाही. भन्तेजींनी गाथा म्हटल्या त्या फोनवर.

मागे मूल नव्हतं. रोहण्याहून पौर्णिमाचा भाऊ तिला न्यायला आला होता. पण कमलाबाईंच्या अंगात तळेगावच्या बहिणीने दिलेली किडनी, ती अंगाने नाकारू नये म्हणून जन्मभराच्या गोळ्या, आणि त्या गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या पौर्णिमाला. ती राहिली. तरण्या विधवेला सासरी राहायला एवढं कारण पुरे होतं, निदान लोकांना सांगायला.

माधवी मॅडमनी नवा नमुना मागवला. दुसरी खोली, नवं सामान, आणि पौर्णिमाचा हातही लागू दिला नाही. तिला राग आला नाही, तिनेही तेच केलं असतं. आठवड्याने रजत खुर्ची घेऊन बाजूला सरकला आणि मॅडमना पडदा दाखवला. भूत होतंच. वर आणखी एक गोष्ट होती.

"हे बघ," मॅडम पौर्णिमाला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माफी होती, शब्दांत नव्हती. "मूळ तेच आहे, पण त्यावर कितीतरी नवे बदल साचलेत. गोठवलेल्या नळीत काही वाढत नाही. हा वाढलाय. म्हणजे इतकी वर्षं हा कोणाच्या तरी आतड्यात जिवंत आहे. एकाच माणसाच्या. ज्याची प्रतिकारशक्ती दुबळी आहे अशा कोणाच्या तरी."

"त्या माणसाले माहीत नसन?" रजतने विचारलं.

"खोकला नाही, ताप नाही. पोट बिघडत असेल, वजन उतरत असेल. वाळत जाईल हळूहळू. आणि आत हा बदलत राहणार, उद्या काय होऊन बाहेर पडेल सांगता येत नाही. शोधायला पाहिजे. पण एक नियम पाळायचा. बाटली घेऊन गल्लीपर्यंत जायचं, दारापर्यंत नाही."

हा नियम मॅडमचा स्वतःचा होता. लाटेत दारावर चिठ्ठी लागलेल्या घरांशी शेजारपाजाऱ्यांनी कसा व्यवहार केला ते त्यांनी पाहिलं होतं. गल्ली कळली की घरोघर विचारपूस करायची, अशक्त माणसांना तपासणीला बोलवायचं, जो येईल तो आपणहून येईल.

मग पौर्णिमा आणि रजत बाटल्या घेऊन नालीच्या काठाने निघाले. पद्धत साधी. जिथे दोन नाल्या मिळतात तिथे दोन्हींचं पाणी घ्यायचं. ज्यात सापडेल तिच्या अंगाने वर सरकायचं. प्रत्येक फाट्याला आठवडा जायचा. लोक दारात येऊन विचारत, "नवी नाली बांधून राह्यले का?" रजत मोठ्या तोंडाने हो म्हणायचा.

मोठ्या रस्त्यावरून भूत पिठाच्या गिरणीकडे वळलं. गिरणीवरून विजेच्या डीपीकडे. तिथे पौर्णिमाच्या अंगावर काटा आला. त्या डीपीवर प्रफुल्लने कितीदा फ्यूज टाकला होता. आणि ड्यूटीवरून येताना त्याची मोटरसायकल याच वाटेने यायची, गिरणीवरून डावीकडे, डीपीपाशी हॉर्न. हॉर्न ऐकून ती तवा ठेवायची.

तो घरी चालला होता.

असं वाटणं मूर्खपणाचं आहे हे तिला कळत होतं. बी.एस्सी. झालेली बाई होती ती, आणि धम्माच्या घरातली. भूतखेत, मुंजा, चकवा हे शब्द तिच्या माहेरी थट्टेपुरते. पण वाटणं काही डिग्री पाहून येत नाही. पुढच्या फाट्याचा निकाल येईपर्यंत तिला जेवण गेलं नाही. निकाल आला. उजवीकडची नाली निर्दोष, डावीकडच्या नालीत तो. डावीकडे तिसरी गल्ली होती. तिची स्वतःची.

"तुमच्या गल्लीत तर सेप्टिक टँक हायेत ना साऱ्यायचे?" रजत नकाशा पाहत म्हणाला. "नालीत निस्तं मोरीचं पाणी. मग आलं कुठून?"

"चुकलं असेल काहीतरी," पौर्णिमा म्हणाली, आणि घरी गेली.

कमलाबाई अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. पौर्णिमा चपला न काढताच घरामागे गेली. सेप्टिक टँकच्या झाकणाशेजारी सिमेंटचा ताजा गिलावा, त्यातून निघालेला जाड पाइप, आणि भिंतीखालून त्याचं तोंड थेट नालीत.

"आई, हा पाइप कधी टाकला?"

"गेल्या पावसाळ्यात. टँक भरून वर आलता. तू ड्यूटीवर होती, गवंड्याले बोलावून घेतलं. सारेच सोडतात वो नालीत, तुले सांगाचं राह्यलं." मग सूप खाली ठेवून त्या भिंतीला धरत उठल्या. "थांब, मी जाऊन येतो. पोट पुन्हा बिघडलं मेलं. त्या गोळ्याच तशा हायेत."

चोळीची बाही त्यांच्या दंडावर झोळीसारखी लोंबत होती. पौर्णिमानेच ती मागच्या महिन्यात आत घेऊन शिवली होती. संडासाचं दार लागलं, पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पाइपच्या तोंडातून ते पाणी नालीत पडलं. विचार करायला काही उरलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तो आजार प्रफुल्लकडून आईकडे गेला होता, आणि गोळ्यांनी दुबळ्या केलेल्या त्या अंगातून कधी गेलाच नव्हता.

त्याच क्षणी तिने मॅडमना फोन लावायला हवा होता. तिने लावला नाही.

घरोघर विचारपूस करायचं काम गल्लीची म्हणून तिच्याकडेच आलं. ती प्रत्येक घरी गेली, कोणाला कसल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, चहा प्यायली, आणि स्वतःचं घर तेवढं सोडलं. "कोणी नाही मॅडम," तिने सांगितलं. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दारापर्यंत जायचं नाही हा नियम त्यांचाच होता. पौर्णिमा त्या नियमाच्या आड लपून बसली.

आता दर आठवड्याला रजत म्हणायचा, "हाय अजून भूत," आणि तिचा जीव भांड्यात पडायचा, बाहेरगावी गेलेल्या माणसाचा सुखरूप पोचल्याचा फोन यावा तसा. मग घरी यायची आणि सासूच्या मनगटाचं हाड आणखी वर आलेलं दिसायचं. दिसल्यावर ती त्यांना लिंबूपाणी करून द्यायची, मऊ खिचडी टाकायची, पाय चेपायची. इतकी सेवा तिने पूर्वी कधी केली नव्हती. कमलाबाईंना तिचं कौतुक वाटायचं, आणि ते कौतुक ऐकताना हिला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. तरी ती गप्प राहिली. दिवाळी गेली, तुरी निघाल्या.

दुपारी ड्यूटीवरून आली की ती घरामागे जाऊन पाइपशी बसायची. आधी नुसतीच बसायची. मग एकदा बोलली. डीपी जळाली, नवीन पोरगा आला आहे, त्याला तुझ्यासारखं जमत नाही, असलंच काहीबाही. पाणी पडायचं. तिला उत्तर दिल्यासारखं वाटायचं, आणि भीतीही वाटायची, कारण उत्तर देणाऱ्याचा आवाज प्रफुल्लसारखा नव्हता. तो कोणासारखाच नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जायची.

शेजारच्या अन्नपूर्णाकाकूंच्या गच्चीवरून ते सगळं दिसत होतं. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला म्हणून त्या आल्या आणि दारातच कमलाबाईंना म्हणाल्या, "राग नोका मानू, पण तुमची सून नालीसंग बोलते वो. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

पौर्णिमा घरी आली तेव्हा कमलाबाई घरामागे पाइपशेजारी पाट टाकून बसल्या होत्या. ऊन तापलेलं, अंगावर शाल.

"बस," त्या म्हणाल्या. "काय हाय नालीत?"

"कामाचं हाय आई, पाण्याचे नमुने."

"नमुन्याले बाटली लागते. तुहा हात रिकामा होता म्हणे."

पौर्णिमा बसली आणि सांगू लागली. वाकड्या पट्टीपासून सांगितलं, गिरणी, डीपी, पाइप, काहीही लपवलं नाही. शेवटी कमलाबाई एवढंच म्हणाल्या, "म्हंजे जे त्याले झालं, तेच?"

"तेच. त्याच्यापासूनच तुमाले लागलं."

"त्या दिवशी त्याचं उष्टं वरण खाल्लं मी. फेकवलं नाई."

"त्यानं नसन झालं आई. एका घरात होतो आपण."

"असन. मी वाळून राह्यली ते दिसत होतं का तुले?"

"दिसत होतं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर औषध दिलं असतं. औषधानं ते मेलं असतं. त्याच्या अंगातून आलेलं, जिवंत असलेलं, दुसरं काहीच नाई माह्यापाशी. लेकरू नाई. काहीच नाई आई."

कमलाबाई उठल्या. उठताना हात धरायला पौर्णिमा पुढे झाली तो हात त्यांनी झिडकारला.

"मी कधी कावळ्याले घास नाई ठेवला. पिंड नाई, श्राद्ध नाई. जे गेलं ते गेलं म्हणून उरावर दगड ठेवला. अन् तू शिकलेली पोरगी, नालीत नवरा पाहून राह्यली! अवं, तो प्रफुल्ल नाई. प्रफुल्लले ज्यानं खाल्लं, तो हाय. माह्या पोराचा मारेकरी माह्याच पोटात पोसून राह्यला, अन् तू त्याच्यासंग गोडगोड बोलत बसली?"

इतके दिवस ज्या आवाजाची पौर्णिमाला भीती वाटत होती तो कोणाचा, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"फोन लाव तुह्या मॅडमले," कमलाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

माधवी मॅडम रागावल्या, रागवायलाच हव्या होत्या. "माणूस मरू दिला असतास तू," असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि पौर्णिमाने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्यांनीच किडनीच्या डॉक्टरांना गाठलं. विषाणूला मारायचं तर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या कमी करायच्या, आणि त्या कमी केल्या की किडनी जायची भीती. कमलाबाईंनी सगळं ऐकलं आणि सही केली. दवाखान्यात त्या सुनेशी कामापुरतंच बोलल्या. पाणी दे. खिडकी लाव. पौर्णिमा पायथ्याशी बसून असायची. कमलाबाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या, एक हात कायम पोटावर. दुखत असेल असं पौर्णिमाला वाटायचं, पण विचारायची छाती होत नव्हती.

किडनी टिकली. माणूस घरी आलं, तोंडाला चव आली, पुढच्या महिन्यात बाह्या पुन्हा बाहेर सोडायची वेळ आली. गल्लीतल्या नालीचे नमुने रजत एकटाच नेत होता. एक आला, रिकामा. मॅडम म्हणाल्या, एकावर भरवसा नाही. दुसरा आला तेव्हा रजतने पौर्णिमाला खुर्चीवर बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. गावात चालू असलेले नेहमीचे सर्दी-तापाचे विषाणू होते. जुनं वाण कुठेच नव्हतं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

घरी आली तेव्हा कमलाबाई गॅसपाशी खाली बसून भाकरी थापत होत्या. तिच्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "गेला?"

"गेला आई. दोन्ही खेपेले काहीच नाई निघालं."

कमलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटायची वेळ झाली तरी हात तसाच.

"आई, जळून राह्यली."

"मी बी बोलत होती," कमलाबाई म्हणाल्या.

"कोणासंग?"

"दवाखान्यात. पोटावर हात ठेवून. तुले मारेकरी म्हणून सांगतलं, अन् मी मात्र त्याले म्हणत होती, बापू, दमानं जाय. मले एकदा तुहं तोंड पाहू दे, मंग जाय."

त्यांनी पिठाच्या हातानेच तोंड झाकलं. लाटेच्या त्या दिवसांत कोंडलेल्या घरात या बाईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. दोघींना खोकला होता आणि दम पुरत नव्हता, रडायलाही दम लागतो. आता त्या इतक्या मोठ्याने रडल्या की पौर्णिमाला आधी ओळखूच आलं नाही हे कोण रडतं आहे. मग तिने गॅस बंद केला, खाली बसली, सासूला छातीशी धरलं, आणि तिचाही बांध फुटला.

आवाज गल्लीभर गेला. अन्नपूर्णाकाकू हातातलं काम टाकून धावत आल्या, मागून आणखी दोघी-तिघी. "काय झालं वो? कमलाबाई, काय झालं?"

कमलाबाईंनी मान वर केली. तोंडाला सगळीकडे पीठ लागलं होतं.

"माहा प्रफुल्ल गेला वो, अन्नपूर्णा," त्या म्हणाल्या.